नक्षीकडून रेषेकडे : पीटर बेरेन्स

काडेपेटीवरची खूण, साबणाच्या वडीवरची खूण, खताच्या पोत्यावरची खूण यांची ओळख आपल्याला अक्षरओळखीच्या आधी होते. आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. माझ्या आजीला एकही अक्षर वाचता येत नसे. पण दुकानदाराने नेहमीच्या साबणाऐवजी दुसराच पुढे केला, तर ती तो हातात न घेताच परत करी. ती खूण पाहत असे. म्हणून कंपनीचे बोधचिन्ह कसे असावे हा प्रश्न फक्त व्यापाऱ्यांचा आणि चित्रकारांचा आहे असे मला वाटत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्याशी कंपनी एकाच अक्षरात बोलू शकते, आणि ते अक्षर म्हणजे तिचे बोधचिन्ह.

हे अक्षरच गिचमिड झाले तर? ते सुधारायचे कसे? आज या कामासाठी स्वतंत्र संस्था आहेत, अभ्यासक्रम आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी असा व्यवसायच नव्हता. जर्मनीतल्या एका माणसाने त्याचा पाया घातला. त्याचे नाव पीटर बेरेन्स. वास्तुशिल्पाच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. मी मात्र त्याच्याकडे एका बोधचिन्हाच्या वाटेने गेलो. इतिहास हा माझा विषय. जर्मनीच्या औद्योगिक वाढीविषयी ग्रंथालयात वाचत असताना एका पानावर एकाच कंपनीची निरनिराळ्या वर्षांची बोधचिन्हे शेजारी शेजारी छापलेली दिसली. पहिले उलगडायला वेळ लागत होता. शेवटचे नजर टाकताच वाचता येत होते. मधल्या काळात काय घडले याचा शोध घेता घेता हा लेख तयार झाला.

बेरेन्सचा जन्म १४ एप्रिल १८६८ रोजी हॅम्बुर्ग शहरात झाला. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपले. पुढे कार्ल्सरूह आणि ड्युसेलडॉर्फ येथे त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले. १८९० साली लिली क्रेमरशी त्याचा विवाह झाला आणि त्याच सुमारास तो म्युनिक शहरात स्थायिक झाला. तिथले प्रस्थापित कलामंडळ नव्या चित्रकारांना वाव देत नाही म्हणून १८९२ मध्ये काही चित्रकार त्यातून बाहेर पडले. त्या बंडखोरांत चोवीस वर्षांचा बेरेन्सही होता.

हा काळ नक्षीचा होता. युरोपात सर्वत्र वेली, फुले, लाटा आणि स्त्रियांचे मोकळे केस यांच्या वळणांनी पुस्तके, भिंती आणि भांडी भरून जात होती. जर्मनीत या शैलीला युगेंडश्टील म्हणत. बेरेन्स तिच्यात आकंठ बुडालेला होता. १८९८ मधले त्याचे ‘चुंबन’ हे लाकडी ठशांचे रंगीत चित्र प्रसिद्ध आहे. दोन चेहरे समोरासमोर आहेत आणि त्यांच्या केसांच्या बटा चौफेर पसरून एकमेकींत अशा गुंतल्या आहेत, की कोणती बट कोणाची हे शोधावे लागते. हे चित्र मी मुद्दाम लक्षात ठेवतो. ज्याने पुढे बोधचिन्हातली सगळी नक्षी काढून टाकली, त्याला नक्षी येत नव्हती असे कुणी म्हणू नये. ती त्याच्या हातात पुरेपूर होती. त्याने ती जाणूनबुजून सोडली.

१८९९ साली हेसचा ग्रँड ड्यूक अर्न्स्ट लुडविग याने डार्मश्टाट शहरातल्या माटिल्डेनह्योहे या टेकडीवर कलावंतांची एक वसाहत उभारायचे ठरवले आणि सात कलावंतांना बोलावले. बेरेन्स त्यांतला एक. वास्तुशिल्पाचे रीतसर शिक्षण नसताना त्याने तिथे स्वतःचे घर स्वतःच आखले आणि १९०१ च्या प्रदर्शनात ते लोकांना पाहायला खुले केले. घरातल्या खुर्च्या, पेले, चमचे, कापड, सारे त्याच्याच आराखड्यांप्रमाणे बनलेले होते. एका घरातल्या सगळ्या वस्तू एकाच कुळातल्या दिसाव्यात हा त्याचा हट्ट होता. पुढे एका कारखान्याच्या बाबतीत त्याने हाच हट्ट धरला. २०२१ साली युनेस्कोने माटिल्डेनह्योहेला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

त्याच १९०१ साली त्याने आखलेल्या वळणाचे छापखान्याचे खिळे बाजारात आले. जर्मन लोक त्या काळी जुन्या टोकदार, काळ्या गॉथिक अक्षरांत पुस्तके छापत. बाकी युरोप गोलसर रोमन अक्षरांत. बेरेन्सने दोन्हींचा मेळ घालून एक सुटसुटीत वळण तयार केले. चित्रकार अक्षराकडे वळला ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चित्रात एक रेष जास्त झाली तरी खपते. अक्षरात एक रेष जास्त झाली की त्याचे दुसरेच अक्षर होते. काय ठेवायचे आणि काय काढायचे याची शिस्त त्याला अक्षरांनी लावली असावी.

१९०३ मध्ये तो ड्युसेलडॉर्फच्या कलाशाळेचा संचालक झाला. तिथे त्याने लाउवेरिक्स या डच वास्तुशिल्पीला अध्यापक म्हणून आणले. कोणतीही आकृती चौरस आणि वर्तुळ यांच्या जाळीवर बसवायची, ही लाउवेरिक्सची शिकवण. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढतात तसाच हा प्रकार. रेष कुठेही जात नाही. ठिपका सांगेल तिथेच जाते. वेलींच्या वळणांत रमलेला बेरेन्स इथे मोजमापाकडे वळला. १९०७ साली त्याला जे काम मिळाले, त्यासाठी त्याची तयारी अशी पंधरा वर्षे नकळत चालली होती.

ते काम ए.ई.जी. या कंपनीचे होते. एमिल राथेनाउ या ज्यू उद्योजकाने १८८१ च्या पॅरिस प्रदर्शनात एडिसनचा विजेचा दिवा पाहिला, त्याचे हक्क मिळवले आणि १८८३ मध्ये बर्लिनला कंपनी काढली. १८८७ पासून तिचे नाव आल्गेमाइन एलेक्ट्रित्सिटेट्स गेझेलशाफ्ट, म्हणजे सर्वसाधारण वीज कंपनी, असे झाले. ए.ई.जी. ही या नावाची आद्याक्षरे. वीसेक वर्षांत ती जगातल्या बलाढ्य विद्युत कंपन्यांपैकी एक बनली. प्रचंड जनित्रांपासून घरातल्या दिव्यापर्यंत विजेचे सारे काही ती बनवू लागली.

माल नवा होता, पण कंपनीची खूण जुन्या जगातली होती. वीज ही वस्तूच नवी असल्याने तिला रूप द्यायचे कसे हे कुणालाच कळत नव्हते. म्हणून कंपनीच्या जाहिरातीत प्रकाशाची देवी आली. पंखांच्या चाकावर बसलेली, हातात विजेचा दिवा उंच धरलेली. १८९६ साली फ्रांट्स श्वेष्टेन या नामवंत वास्तुशिल्पीने कंपनीच्या तीन अक्षरांना जुन्या वळणाचा अलंकृत साज चढवला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ओटो एकमान या चित्रकाराने तीच अक्षरे लाटांसारखी वळवळती केली. दोघेही आपापल्या परीने कसबी होते. परंतु प्रत्येकाने कंपनीला आपल्या आवडीचा पोशाख घातला. कंपनीचा स्वतःचा चेहरा कुठेच दिसेना.

नक्षीदार खुणेची खरी अडचण कागदावर कळत नाही, ती वापरताना कळते. आमच्या भागातल्या एका दूध संस्थेचे उदाहरण देतो. तिच्या बोधचिन्हात गाय, वासरू, उगवता सूर्य, उसाची दोन कांडी, दात्यांचे चाक आणि भोवती गोलाकार संपूर्ण नाव, नोंदणी क्रमांकासह, असे सगळे होते. इमारतीवरच्या मोठ्या फलकावर ते शोभे. तेच रबरी शिक्क्यात आले की पावतीवर नुसता जांभळा डाग उमटे. डागावरून पावती कुठल्या संस्थेची हे दुसऱ्या कचेरीत ओळखू येईना, आणि माझ्या वडिलांसारख्या माणसाला आठ मैलांचा हेलपाटा पडे. चिन्हात भर घालणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगलाच होता. गाय वगळली तर दूधवाले नाराज, ऊस वगळला तर बागाईतदार नाराज. कुणालाच न दुखावणारे चिन्ह अखेर कुणालाच वाचता आले नाही.

ए.ई.जी.ची अडचण याच जातीची, पण कितीतरी पट मोठी होती. तिची खूण ओतीव लोखंडात उठायला हवी होती, पितळी पट्टीवर ठोकली जायला हवी होती, कागदावर छापली जायला हवी होती आणि कारखान्याच्या कपाळावर दुरूनही दिसायला हवी होती. गुरांना डाग देणाऱ्याला हे न सांगता समजते. तापलेल्या लोखंडाने चामड्यावर मोर काढता येत नाही. चंद्रकोर किंवा दोन रेघाच काढता येतात.

१९०७ साली कंपनीने बेरेन्सला आपला कलाविषयक सल्लागार नेमले. तो कंपनीचा नोकर नव्हता. बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबेर्ग येथे त्याची स्वतःची चित्रशाळा होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात म्युनिकमध्ये कलावंत आणि उद्योजक यांना एकत्र आणणारी वेर्कबुंड ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांतही तो होता. यंत्राने केलेला माल ओबडधोबडच असणार आणि सौंदर्य हवे तर वर नक्षी चिकटवायची, ही समजूत या लोकांना मोडून काढायची होती.

बोधचिन्हाची सुधारणा एका दमात झाली नाही. बेरेन्सने अनेक आराखडे केले. १९०८ मध्ये जे चिन्ह ठरले ते असे : एक मोठा षट्कोन, त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारखे तीन लहान षट्कोन, आणि प्रत्येक घरात एक अक्षर. वर ए, खाली ई आणि जी. देवी नाही, चाक नाही, वीज चमकल्याची रेघही नाही. अक्षरे त्याने स्वतःच आखलेल्या बेरेन्स-अँटिक्वा या रोमन वळणाची होती. कंपनीच्या जाहिराती आणि पत्रके यांसाठीही हेच वळण ठरले.

या चिन्हाकडे मी पुष्कळ वेळ पाहिले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात तीन निर्णय आहेत. पहिला, जे दाखवायची गरज नाही ते दाखवायचे नाही. वीज म्हणजे काय हे दिवा स्वतःच सांगतो. त्यावर देवीचे चित्र कशाला? दुसरा, प्रत्येक अक्षराला स्वतंत्र घर द्यायचे, म्हणजे लहान केले तरी अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, सगळीकडे एकच चिन्ह वापरायचे. सूचिपत्रावर एक, दिव्यावर दुसरे आणि दारावर तिसरे, हा प्रकार बंद.

बेरेन्स तिथेही थांबला नाही. १९१२ च्या सुमारास त्याने षट्कोनही काढून टाकला आणि नुसती तीन अक्षरे ठेवली. लोक आता ती ओळखू लागले होते. पोळ्याच्या आधाराची गरज उरली नव्हती. नवे रोप लावताना काठी लागते, झाड झाल्यावर ती काढावी लागते. पण आपलेच नावाजलेले काम चार वर्षांनी कापायला किती माणसे तयार होतात?

चिन्ह सुधारले आणि ज्यावर ते बसणार ती वस्तू तशीच राहिली, तर काय उपयोग? बेरेन्सने कंपनीचे दिवे, पंखे, घड्याळे आणि पाणी तापवायच्या विजेच्या किटल्याही आखल्या. १९०९ च्या किटल्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भांड्याचे तीन आकार, तीन मापे, पृष्ठभागाचे निरनिराळे प्रकार आणि मोजकीच झाकणे व मुठी एवढ्याच सुट्या भागांतून ऐंशीच्या आसपास प्रकारच्या किटल्या जुळवता येत होत्या. त्यांतल्या तीस बाजारात आल्या. भाग थोडे, जुळण्या पुष्कळ. बाराखडीतही तेच असते.

त्याच वर्षी बर्लिनच्या मोआबिट भागात ए.ई.जी.चा टर्बाइनचा कारखाना उभा राहिला. लोखंड आणि काच यांची ती उंच इमारत आजही पाहायला लोक जातात. तिच्या कपाळावर त्याच षट्कोनी पोळ्याची खूण आहे. परंतु इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. दर्शनी भागातले कोपऱ्यांचे भक्कम खांब प्रत्यक्षात काहीच तोलत नाहीत. ते काँक्रीटचे पातळ कवच आहे. सारा भार आतले लोखंड घेते. इमारतीचा अभियंता कार्ल बेर्नहार्ड याला हे पटले नव्हते. म्हणजे नक्षी पुसणाऱ्या कलावंतानेही भारदस्तपणाचा एक देखावा केलाच. त्यामुळे तो मला परका न वाटता उलट अधिक खरा वाटतो. मोठे दिसण्याचा मोह वेलबुट्टीतच असतो असे नाही. साध्या भिंतीतही तो लपतो.

नॉयबाबेल्सबेर्गच्या चित्रशाळेत त्या वर्षांत काम शिकणाऱ्या तरुणांची नावे पाहिली की थक्क व्हायला होते. वॉल्टर ग्रोपियस, ज्याने १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळा काढली. मीस व्हान डेर रोह, ज्याने पुढे अमेरिकेत काच आणि पोलादाच्या उंच इमारती बांधल्या. आणि १९१० च्या अखेरीपासून काही महिने एक स्विस तरुण, ज्याला जग ल कॉर्ब्युझिए म्हणून ओळखते आणि ज्याने आपले चंदीगढ आखले. वास्तुशिल्पाचे रीतसर शिक्षण नसलेल्या माणसाच्या हाताखाली विसाव्या शतकाचे तीन थोर वास्तुशिल्पी उमेदवारी करून गेले.

इथवरचे चरित्र चढत्या भाजणीचे आहे. पुढचे तसे नाही, आणि ते गाळून लिहिणे मला बरोबर वाटत नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मनीच्या युद्धकृत्यांची पाठराखण करणारे जे पत्रक त्र्याण्णव विद्वानांनी व कलावंतांनी काढले, त्यावर बेरेन्सची सही आहे. १९१६ साली बर्लिनच्या संसदभवनाच्या दारावर ती वास्तू जर्मन जनतेला अर्पण करणारी अक्षरे बसली. ती बेरेन्सने आना सिमोन्स या अक्षरकलावतीबरोबर आखली होती. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात पकडलेल्या तोफांच्या धातूतून ती ओतण्यात आली. ओतणारे लोवी कुटुंब ज्यू होते.

युद्धानंतर, १९२० ते १९२४ या काळात, त्याने फ्रांकफुर्टजवळ होएक्स्ट या रंग व औषधे बनवणाऱ्या कंपनीची कचेरी बांधली. तिला एक मनोरा आहे आणि रस्त्यावरून जाणारा एक पूल आहे. आतल्या उंच दालनाच्या विटा खाली निळ्या-हिरव्या रंगांनी सुरू होऊन वर जाता जाता पिवळ्या होतात. रंगांच्या कारखान्याला याहून समर्पक सजावट कोणती? वायफळ नक्षी सोडलेल्या माणसाने जिथे रंगाला अर्थ होता तिथे तो सढळ हाताने वापरला. १९२२ पासून तो व्हिएन्नाच्या कला अकादमीत प्राध्यापक होता. १९३६ मध्ये बर्लिनला परतला.

तोवर जर्मनीत हिटलरचे राज्य आले होते. बेरेन्स नाझी पक्षाचा सभासद झाला होता. हिटलरच्या नव्या बर्लिनच्या भव्य रस्त्यावर ए.ई.जी.च्या मुख्य कचेरीचा आराखडा त्याने केला. ती इमारत कधी बांधली गेली नाही. जी कंपनी एका ज्यू माणसाने काढली, जिच्या कामाने बेरेन्सचे नाव झाले, तिच्यासाठी ज्यूंचा द्वेष करणाऱ्या राजवटीच्या आश्रयाने इमारत योजण्यात त्याला विसंगती वाटली की नाही, हे त्याच्या रेषांवरून कळत नाही. संसदभवनाची अक्षरे ओतणाऱ्या लोवी कुटुंबातली माणसे पुढे नाझींच्या हातून मारली गेली. २७ फेब्रुवारी १९४० रोजी बर्लिनमध्ये बेरेन्सचा मृत्यू झाला. तो बहात्तराव्या वर्षात होता.

हे चरित्र वाचून मी दोन गोष्टी शिकलो आणि त्यांची गल्लत होऊ नये असे मला वाटते. गिचमिड चिन्ह कसे सुधारायचे, हे बेरेन्सकडून शिकावे. ते कुठे उमटणार, किती लहान होणार, कोण पाहणार हे आधी विचारावे. प्रत्येक भागावर बोट ठेवून, हा नसला तर काय अडेल, असे विचारावे. काही अडत नसेल तर तो भाग कितीही देखणा असो, कुणाच्याही आग्रहाने आलेला असो, काढावा. परंतु रेष स्वच्छ झाली म्हणजे माणूस स्वच्छ झाला असे नाही. चिन्ह फक्त ओळख पटवून देते. ज्याची ओळख पटली तो चांगला की वाईट, हे पाहणाऱ्याने वेगळे तपासायचे असते. नाझींचे चिन्हही सुटसुटीतच होते.

ए.ई.जी. ही स्वतंत्र कंपनी म्हणून १९९६ मध्ये संपली. नाव पुढे दुसऱ्या मालकांकडे गेले आणि ती तीन साधी अक्षरे वस्तूंवर राहिली. बेरेन्सच्या बाबतीत त्याहून नवलाची गोष्ट होएक्स्टची. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९४७ मध्ये, त्या कंपनीला नवे बोधचिन्ह हवे होते. रिखार्ट लिस्कर या कलावंताने बेरेन्सचीच इमारत घेतली. हजारो विटा, खिडक्या, रंगीत दालन, सगळे वगळले. मनोरा आणि पूल तेवढे ठेवले. मुंबईत मुलुंडला या कंपनीचा औषधांचा कारखाना होता. त्यामुळे मनोरा आणि पूल यांची ती छोटीशी खूण औषधाच्या वेष्टनांवरून आपल्या खेड्यापाड्यांतही पोचली. गोळी घेणाऱ्या कुणाला बेरेन्सचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याला हवी होती ती गोळी ओळखता आली की पुरे होते.